एका चपलेनं घरी आले तेव्हा

चप्पल

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, व्हरांड्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी फाटक लोटून आत आले, छत्री झटकली आणि कोपऱ्यात टेकवली. आईंनी मान वर केली, माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं,

"दुसरी कुठाय?"

"काय दुसरी?"

"चप्पल."

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डाव्या पायात नुसता चिखल होता, आणि अंगठ्याच्या बाजूला काचेनं पडावी तशी लांब चीर. तिच्यातून रक्त येत होतं. मागे वळून पाहिलं तर फाटकापासून व्हरांड्यापर्यंत लाल ठिपके.

शाळेतून निघाले, बाजार ओलांडला, भाजी घेतली, भाजीवालीशी घासाघीस केली, घरी आले. एवढ्या वेळात चप्पल कधी निसटली ते मला कळलं नाही. काच घुसली तेही कळलं नाही.

"वेंधळी ती वेंधळीच," आई म्हणाल्या. मीही हसले. हसत हसत पायाची बोटं वर उचलायला गेले, आणि बोटं जिथे होती तिथेच राहिली. पुन्हा सांगितलं. ढिम्म. मी सांगत होते आणि माझा पाय ऐकत नव्हता. माझा तर धंदाच सांगण्याचा. मी पीटीची बाई.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गाव सिल्वासा, दादरा नगर हवेलीतलं. दोन ऑगस्टचा मुक्तिदिन जवळ आला होता आणि शाळेच्या कवायतीची तयारी माझ्या गळ्यात होती, शिट्टीसकट.

हे आता का लिहिते

माझी नात सई पुण्यात बायकांना व्यायाम शिकवते. तिच्या वर्गात लांबट पलंग आहेत. त्यावर सरकती गादी, खाली स्प्रिंगा, पायाशी आडवा दांडा. त्याला रिफॉर्मर म्हणतात. मला मोठ्या कौतुकानं दाखवायला घेऊन गेली. मी तो पलंग पाहिला, स्प्रिंगांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "अगं, ह्याच्या थोरल्या बहिणीवर मी महिनोन्‌महिने पडून होते."

तिला वाटलं आजीचं नेहमीचं काहीतरी. मग सगळी गोष्ट ऐकली आणि म्हणाली, "लिहून दे. माझ्या वर्गात निम्म्या बायका पाठ धरूनच येतात. त्यांना वाचायला देते."

तेव्हा बायांनो, हे तुमच्यासाठी. ह्यात औषधांची नावं नाहीत. ती तुमचा डॉक्टर सांगेल. मी सांगणार ते त्याला सांगता येणार नाही.

ती कडक बाई

तेव्हाच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. पदर खोचलेला, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात लाल दोरीला शिट्टी, आणि चालणं असं की दादरा नगर हवेली पोर्तुगीजांपासून मुक्त झाली ती मुळी मला तिथे कवायत घेता यावी म्हणून. माझे यजमान तिथल्या प्रशासनात नोकरीला. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. मराठी माध्यमाच्या शाळेत मला पीटीची जागा मिळाली आणि मी स्वतःला सेनापती समजायला लागले.

मुलांवर भागेना म्हणून संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग काढला. कचेरीतल्या साहेबांच्या बायका यायच्या, शिक्षिका यायच्या, जवळच्या गलोंडा गावातल्या कारखान्यांत कामाला लागलेल्या माणसांच्या बायका यायच्या. धुळ्याकडची रंजना त्यांतलीच. तिचा नवरा धाग्याच्या कारखान्यात फिटर होता. एक हंसाबेन होत्या, शेजारच्या दुकानाच्या मालकीण. सगळ्यांना मी एका रांगेत उभं करायचे. एक शिट्टी, एक ताल, एक-दोन-तीन-चार. शिट्टी वाजेपर्यंत कुणी थांबायचं नाही, हा नियम.

माझ्याकडे छाती रुंद करायच्या स्प्रिंगा होत्या. दोन मुठी, मध्ये पाच स्प्रिंगा, ओढायच्या आणि सोडायच्या. कुणाला जड झालं तर एक-दोन स्प्रिंगा काढून घेता येतात. तीच तर त्यातली सोय. माझ्या वर्गात ती सोय म्हणजे बेअब्रू. पाचच्या पाच लावायच्या, मग ती अंगापिंडानं कशीही असो, बाळंतीण होऊन उठलेली असो की सासू झालेली असो.

आणि माझं एक घोषवाक्य होतं. मी अर्धं म्हणायचे, बायका अर्धं म्हणायच्या.

"दुखतंय म्हणजे?"

"लागू पडतंय."

एकदा रंजना मधेच म्हणाली, "बाई, माझी कंबर..."

"कंबरेला सांग, बाईंनी सांगितलंय," मी म्हणाले. सगळा हॉल हसला. रंजनाही हसली आणि पुन्हा ओढायला लागली. मला वाटलं, काय छान विनोद केला.

एक मात्र खरं. मी ढोंगी नव्हते. माझीच कंबर दुखायला लागली, मग मांडीतून खाली पोटरीपर्यंत वीज सणकायला लागली, तेव्हा तोच नियम मी स्वतःला लावला. नस आखडली असेल, ताणली की मोकळी होईल. रोज सकाळी वाकून पायाचे अंगठे धरायचे, कळ आली की आणखी खाली जायचे. माझी पाठ आतून ओरडत होती आणि मी तिला म्हणत होते, लागू पडतंय.

मग एक दिवस सणका थांबला. मला केवढा आनंद झाला. म्हटलं, जिंकले. नस थकून गप्प बसली होती, ते मला चप्पल हरवल्यावर कळलं.

म्हणून इथेच एकदा सांगून टाकते. पाठीची कळ पायात उतरत असेल तर दाखवून घ्या. पण पाय बधिर पडला, पाऊल उचलेना, लघवी झाल्याचं कळेना, तर सण संपू दे, मुलांच्या परीक्षा होऊ देत, असलं काही करू नका. त्याच दिवशी निघा. मी मुक्तिदिनाची कवायत होऊ द्या म्हणाले. एका पायात बूट, दुसऱ्या पायात बँडेजवर यजमानांचा मोजा, अशी मैदानात उभी राहून शिट्टी फुंकली. संचलन फार सुरेख झालं, असं सगळे म्हणाले. त्या कौतुकाचं मी काय करणार होते, देव जाणे.

"सुरू करा"

सिल्वासाच्या डॉक्टरांनी आधी पलंगाच्या कडेवरून पायाला वजन टांगलं. फरक पडेना तेव्हा म्हणाले, मुंबईला न्या, बसवून नाही, झोपवून न्या.

झोपवून नेणार कशातून? रंजनाच्या नवऱ्यानं कारखान्याची मॅटाडोर मिळवली. ती धागा गुंडाळलेले कोन पोत्यांत भरून मुंबईला जातच होती. मागे पोत्यांच्या मध्ये गादी टाकली, गादीवर मी. यजमान पोत्याला टेकून बसले. दमणगंगेच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा मला नदी दिसली नाही, फक्त पोती दिसली. खड्डा आला की मी ओरडायचे आणि पुढून ड्रायव्हर म्हणायचा, "सॉरी हां, बेन." खड्डे त्यानंच खणले असावेत इतक्या मनापासून.

मुंबईच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं. "मी टाचणीनं टोचत वर जातो. कळलं की सांगा."

मी डोळे मिटून वाट पाहत राहिले. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं. पंख्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला. मला वाटलं डॉक्टर टाचणी शोधताहेत.

"करा सुरू," मी म्हणाले.

"झालं," ते म्हणाले.

डोळे उघडले. पावलापासून पोटरीच्या बाजूनं वरपर्यंत बारीक लाल ठिपक्यांची ओळ होती. यजमान खिडकीकडे तोंड करून उभे होते.

मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसलीय, ऑपरेशन करायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, "पाय परत येईल?"

"आधी नस मोकळी करू. मग पाय काय म्हणतो ते बघू."

"मी शाळेत पीटी शिकवते."

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. चांगला माणूस होता, खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणाला, "सध्या ते मनातून काढा."

मला रडू आलं नाही. मी नुसती बघत राहिले. घरचं कुणी गेल्याची तार आली की माणूस ती उलटी करून बघतो, मागे काही लिहिलंय का, तशी मी त्यांच्याकडे बघत होते. उभं राहून, छाती काढून, शंभर पोरांना एका शिट्टीत वळवणं, एवढंच मला येत होतं. तेवढी मी होते.

वॉर्ड

ऑपरेशनबद्दल मला काही आठवत नाही, आणि आठवलं तरी सांगणार नाही. नंतरचं सांगते.

पाठीच्या पेशंटला स्वतःच्या मनानं कूस बदलायला बंदी. नर्स आणि आया मिळून तुम्हाला ओंडक्यासारखं वळवतात. खांदे, कंबर, गुडघे, सगळं एकदम. पहाटे ताप मोजायची काचेची नळी तोंडात, मग चहा, मग बेडपॅन. बेडपॅनचं म्हणाल तर पहिल्या दिवशी जगातली सगळी लाज जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची वेळ चुकली की तुम्हीच आवाज चढवता.

छोटी सुखं होती. पार्वती नावाची आया दुपारी माझे केस विंचरायची, तिला कुणी सांगितलेलं नसताना. पलीकडच्या खाटेवरच्या आजीबाई घोरायच्या, आणि त्यांचं घोरणं थांबलं की मला काळजी वाटायची.

यजमान शनिवारी यायचे. स्टूल ओढून पायाशी बसायचे आणि माझं पाऊल हातात घेऊन तेल चोळायचे. मोठे अबोल गृहस्थ. लग्नानंतर इतकी वर्षं त्यांनी माझ्या पायाला कधी हात लावला नव्हता. आता लावत होते तर मला कळत नव्हतं. दर वेळी विचारायचे, "आता?" मी म्हणायचे, "अजून नाही." त्यांचा चेहरा बघवायचा नाही.

एका शनिवारी ते फार ओढलेले दिसले. मी डोळे मिटून पडले होते. त्यांनी विचारलं, "आता?"

म्हटलं, माणसाला एक शनिवार तरी सुखाचा जाऊ दे. मी म्हणाले, "हो, थोडंसं कळतंय. अंगठ्यापाशी."

डोळे उघडले तर त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते.

"अगं, मी अजून हातच लावला नाही," ते म्हणाले.

जाताना त्यांनी तेलाची बाटली घट्ट बंद केली आणि म्हणाले, "माझ्यासाठी खोटं नको सांगूस. मला मग कुणाला विचारायचं ते कळत नाही."

घरचं सांगितलं नाही तर हे लिहिणं अर्धं राहील. सिल्वासात आई आणि मंजू होत्या. मंजू माझी मुलगी, सईची आई, तेव्हा सातवीत. गुडघ्याला लागतील अशा दोन वेण्या तिच्या. मी रोज सकाळी त्या घट्ट घालून रिबिनी बांधायचे. सेनापतीच्या मुलीच्या वेण्याही सैल असून चालत नाहीत.

एकदा यजमान तिला घेऊन आले. दारातून एक मुलगा आत आला. मला खरंच मुलगा वाटला. जवळ आल्यावर बघते तर मंजू, मानेवर केस कापलेले.

"कुणी कापले?"

"आजीनं. आजीला वेण्या जमत नाहीत."

मी थंड पडले. विचारायचं तरी. मी तिकडे ओंडका होऊन पडलेय आणि इकडे ह्यांनी माझ्या लेकीचे केस कापून टाकले. आमच्या दोघींत आधीच फार गोडवा नव्हता. मी मनात म्हटलं, नलिनी, तू मेली नाहीस अजून, आणि तुझ्या घरात तुझा शब्द संपला. यजमानांना म्हणाले, "आईंना सांगा, बरं केलंत." ते कसं सांगायचं, हे त्यांना माझ्या आवाजावरून समजलंच असेल.

स्प्रिंगांची खोली

टाके सुकल्यावर मला तळमजल्यावरच्या खोलीत न्यायला लागले. तिथे हाच तो, सईच्या पलंगाच्या थोरल्या बहिणीचा गोतावळा. ओळीनं उंच बाकं, प्रत्येक बाकावर लोखंडी जाळीचं छत, आणि जाळीतून लोंबणाऱ्या स्प्रिंगा. स्प्रिंगेच्या टोकाला कापडी झोळी. झोळीत पाय ठेवायचा. पायाला जे वजन पेलत नाही ते स्प्रिंग पेलते, आणि पायाला फक्त हलायचं काम राहतं.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट मिस लोबो. बुटक्या, चष्मा नाकावर, वांद्र्याकडची मराठी. त्या प्रत्येकीला वेगळी स्प्रिंग लावायच्या, वेगळ्या उंचीवर. त्यांचा वर्ग असून नसल्यासारखा. सगळ्या एकाच खोलीत, पण ही करतेय ते ती करत नाही. कुणी थांबलेली, कुणी पाणी पितेय, कुणी रडतेय. शिट्टी नाही, ताल नाही. मला तो गोंधळ बघवायचा नाही.

"मला जाड स्प्रिंग द्या," मी पहिल्याच दिवशी म्हणाले.

"जाड पायजे?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जाड तुमचं काम स्वतः करून टाकेल. बारीक लावली की तुम्हाला सांभाळावं लागेल. कुठली देऊ?"

मला वाटलं बाई मला फसवते. जाड म्हणजे कठीण, बारीक म्हणजे सोपी, एवढंच मला माहीत. मग बारीक लावली आणि माझा पाय झोळीत वाऱ्यावरच्या पानासारखा थरथरायला लागला. घाम फुटला. तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली की मला व्यायामातलं फारसं काही कळत नाही.

आणि एका सकाळी अंगठा हलला.

दुसऱ्या कुणाला दिसला नसता. झोळीचं कापड एवढंसं उचललं गेलं. मिस लोबो वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "परत." मी परत हलवला. त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला. मी हिंदू, पण नको म्हणाले नाही.

त्या शनिवारी यजमानांनी विचारलं, "आता?" मी अंगठा हलवून दाखवला. ते स्टुलावरून उठले, बाहेर गेले, आणि चांगल्या दोन फेऱ्या मारून आत आले. डोळे पुसल्याचं दिसू नये म्हणून तोंडही धुवून आले होते.

आता पुढचं सांगायला मला आजही बरं वाटत नाही, पण हसूही येतं.

पुढच्याच आठवड्यात मिस लोबोंना कुणीतरी बाहेर बोलावलं. खोलीत आम्ही सात-आठ जणी. त्या गेल्या तशी एक थांबली, दुसरी गप्पा मारायला लागली, तिसरीनं डोळे मिटले. माझा पाय छान हलत होता. माझ्यातली ती कडक बाई, जी ऑपरेशनच्या टेबलावर मेली असं मला वाटलं होतं, ती उठून बसली.

"चला," मी म्हणाले. "सगळ्यांनी बरोबर. एक, दोन, तीन, चार."

आणि काय आश्चर्य, सगळ्यांनी ऐकलं. पीटीच्या बाईचा आवाज असतोच तसा, माणूस आधी ऐकतो, मग विचार करतो. मोडलेल्या पाठीच्या, टाके घातलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, सगळ्या बायका एका तालात पाय हलवायला लागल्या. वर स्प्रिंगा किरकिर करत होत्या, जाळ्या हलत होत्या. मला स्वर्ग मिळाला. मी ताल वाढवला. पाठीत काहीतरी चमकलं. मी कुणाला बधणार? जुनं वाक्य तोंडावर आलंच. "दुखतंय म्हणजे?" मी ओरडले. त्यांना उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मीच दिलं. "लागू पडतंय."

दारात मिस लोबो उभ्या होत्या. त्यांच्या हातातला एक्स-रेचा फोटो, पाठीचाच होता कुणाच्या तरी, तसाच खाली पडला.

"थांबा," त्या म्हणाल्या. सगळ्या थांबल्या. मी थांबायच्या आधी आणखी एकदा केलं.

त्यांनी आधी इतर सगळ्यांना एकेक करून पाहिलं. देवाच्या कृपेनं कुणाला काही झालं नव्हतं. एकीच्या पोटरीत गोळा आला होता, तो त्यांनी चोळून काढला. मग माझ्याकडे आल्या.

"काय वाटला तुम्हाला? ह्या सगळ्यांची कंबर एकच हाय?"

मी झोळीकडे बघत होते. अंगठ्याला सांगत होते, हल. तो हलत नव्हता.

परत पहिल्यापासून

तो कितीतरी आठवडे हलला नाही. सूज आलीय, ओसरेल, कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या वेळी पाय गेला तेव्हा मला धक्का बसला होता, पण दोष नशिबाला देता आला. आता कुणाला देणार? मला स्वतःच्या आवाजाची भीती वाटायला लागली. आया विचारायची, "पाणी देऊ?" तर मी नुसती मान हलवायचे.

यजमानांना मी खरं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "सगळ्यांनी एका तालात केलं?"

"हो."

"पाठीच्या पेशंटांनी?"

"हो."

त्यांच्या मिशीचं टोक हललं. मग आम्ही दोघंही तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसलो, टाक्यांची जागा दुखेपर्यंत. अशा हसण्यानं आजार बरा होत नाही. पण तो शनिवार गेला.

अंगठा परत आला, फार हळू. मग घोटा, अर्धामुर्धा. घरी परत आले ती पावलाला पट्टी लावून, काठी घेऊन. आजही थकले की डावं पाऊल जमिनीला घासतं. आमच्या घरी मी येतेय हे आधी आवाजावरून कळतं.

शाळेनं मला ग्रंथालयात बसवलं. शिट्टी नव्या मास्तरांकडे गेली. मी पुस्तकांना पुठ्ठे घालत होते आणि मैदानातून शिट्टी ऐकू आली की हात थांबत होते. डॉक्टरांनी मनातून काढायला सांगितलं होतं ते निघालं नव्हतं.

मग एका संध्याकाळी रंजना आणि तिचा नवरा एक लांब फळी घेऊन दारात आले. झोळ्या-जाळ्यांचं मी रंजनाला वर्णन करून सांगितलं होतं. नवऱ्यानं तेवढ्यावरून, जुन्या मशीनच्या बेअरिंगा आणि मोडीतल्या स्प्रिंगा जोडून एक सरकती फळी केली होती. आडवं पडायचं, पायानं रेटायचं, फळी सरकायची, स्प्रिंग ओढून परत आणायची. जाड-बारीक स्प्रिंगा काढघाल करता यायच्या. दिसायला फार कुरूप वस्तू होती.

"बाई, आपला वर्ग चालू करा ना आता," रंजना म्हणाली. "बायका विचारून राहिल्या."

मी म्हटलं, "मला उभं राहता येत नाही नीट."

"मग बसा. बोलता तर येतं ना?"

तेच तर नको होतं.

पहिला वर्ग

हॉल तोच. खुर्ची घेऊन मी समोर बसले. शेजारी ती फळी. आई दाराशी पाटावर बसल्या, मला परत घरी न्यायला आल्या होत्या. बायका आल्या आणि सवयीनं रांगेत उभ्या राहिल्या.

मी ठरवून आले होते. म्हटलं, "आजपासून ताल नाही. प्रत्येकीनं आपापल्या श्वासानं करायचं. स्प्रिंग कुठली ते मी प्रत्येकीला बघून सांगेन. आणि कुणाला कुठे दुखलं तर हात वर करायचा आणि थांबायचं."

सगळ्यांनी मान हलवली. एकेक जण फळीवर येत होती, बाकीच्या सतरंजीवर साधे प्रकार करत होत्या. मी विचारत होते, "कुठे दुखतंय का?"

"नाही, बाई."

"हंसाबेन, तुम्हाला?"

"ना ना, बेन. एकदम मस्त."

मी बघत होते. आधी मी कधी बघितलंच नव्हतं, मला फक्त रांग दिसायची. आता बघत होते तर रंजनाची जिवणी एका बाजूला ओढली जात होती. हंसाबेन गुडघा वाकवायच्या आधी श्वास धरत होत्या. आणि हात वर कुणाचाच नाही. सगळ्याजणी एकमेकींकडे तिरप्या नजरेनं बघत एकाच तालात करत होत्या. ताल मी दिला नव्हता. तो त्यांच्या अंगात मीच भरून ठेवला होता.

मी आणखी एकदा विचारलं. "नाही, बाई." माझ्या विद्यार्थिनी इतक्या चांगल्या तयार झाल्या होत्या की मीच सांगूनही त्या थांबत नव्हत्या.

मी फळीवर कसं पडायचं ते दाखवायला उठले. आडवी झाले, पाय रेटला. एकदा सरकले, दुसऱ्यांदा सरकले, आणि पाठीत ती ओळखीची चमक आली. फार नाही. जुन्या बाईनं मोजलीही नसती अशी. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणखी दोन करून, हसून उठता आलं असतं.

मी हात वर केला.

"थांबते," मी म्हणाले. "माझं दुखतंय."

रंजना पुढे आली आणि तिनं मला बसवलं. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, मी चेष्टा करतेय का ते ताडत.

"खरं?" तिनं विचारलं.

"खरं."

ती धपकन सतरंजीवर बसली. "मग माझी कंबर बी दुखून राहिली, बाई. कधीची."

"मला पण, बेन," हंसाबेन म्हणाल्या. "आ ढींचण," आणि त्यांनी साडीवरूनच गुडघा दाबून दाखवला.

मग एकेक हात वर जायला लागला. मान. टाच. बाळंतपणापासूनचं माकडहाड. मनगट. मी तोंड उघडं टाकून बघत होते. ह्या सगळ्यांनी ह्याच हॉलमध्ये, पाचच्या पाच स्प्रिंगा ओढत, "लागू पडतंय" म्हणत वर्षं काढली होती, आणि मला माझा वर्ग ठणठणीत वाटत होता.

गलका फार झाला. त्यातून दाराशी आवाज आला.

"माझा खांदा लिहून घे."

आई होत्या. त्यांनी हात वर केला होता, म्हणजे करायला गेल्या होत्या. तो कानापर्यंतही पोचला नव्हता. तिथेच थरथरत थांबला होता.

"ह्याच्या वर जात नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पोरीचे केस कापले."